सोळा आणे जमीन आणि खताचे कवच

सन १८५२ मध्ये इंग्रज सरकारच्या मोजणीदारांनी खानदेशात साखळी टाकण्यास आरंभ केला, तेव्हा सावदा, रावेर आणि चोपडा येथे रयतेने ती उघडपणे अडवली. फौज आली, पुढारी धरले गेले आणि गडबड मोडली. रावेर-सावदा आपल्या पूर्वेला, चोपडे पश्चिमेला, आणि यावल मधोमध. त्या दिवसांत इथल्या पारांवर कशाची चर्चा चालली असेल हे सांगावयास बखरकार नको. पुढे मोजणी यथासांग पुरी झाली आणि सारा बसला.

आजचा आमचा विषय मात्र बंडाचा नाही. मक्याला घालावयाच्या खतावर जो लेप चढवतात, तो कोणत्या जमिनीत कसे काम देतो, आणि हा लेप आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आला, हे सांगावयाचे आहे. कामगारांच्या संघटनेत हयात घालवलेल्या माणसाने हा कृषिखात्याचा विषय का उचलावा, असे श्रोत्यांपैकी कित्येकांच्या मनात येईल. त्याला कारण आहे. खताची गोणी कारखान्यात भरणारा, मालधक्क्यावर पाठीवरून उतरवणारा, आणि शेतात ओंजळीत घेऊन ताटाताटाच्या बुडाशी टाकणारी, ही सारी आमची माणसे आहेत. त्यांच्या हातून जाणाऱ्या वस्तूचे पुढे काय होते, हे आम्ही वाचनालयाच्या कपाटातून जमेल तसे शिकत आलो. शिकता शिकता मोजणीच्या जुन्या साखळीशी गाठ पडली, म्हणून आरंभ तिथून केला.

ती मोजणी म्हणजे केवळ लांबी-रुंदी नव्हती. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५ नंतर इंदापूरकडे बसवलेली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध केलेली ती पद्धत होती. शेताचे भाग पाडावयाचे, भागाभागांत खणून मातीचा रंग, पोत आणि खोली पाहावयाची, आणि तिची प्रत ठरवावयाची. प्रती नऊ. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी जमीन पहिल्या प्रतीची. तिचे मोल सोळा आणे. तिथून चौदा, बारा, दहा असे उतरत नवव्या प्रतीला दोन आणे. एवढ्यावर काम थांबत नसे. मातीत चुनखडीचे खडे आहेत काय, वाळू मिसळली आहे काय, जमीन उतरती आहे काय, पाणी मुरत नाही काय, पावसाळ्यात वरून लोंढा जातो काय, असे दोष टिपून प्रत आणखी खाली उतरवीत. हेतू सारावसुलीचा होता, त्याविषयी आम्हांस काडीचाही भ्रम नाही. पण सारा काटेकोर घ्यावयाचा तर माती काटेकोर पाहिली पाहिजे, एवढे त्या अधिकाऱ्यांना पक्के कळले होते. शेजारशेजारच्या दोन बांधांतली माती एक नसते, ही गोष्ट कुणब्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतीच. ती सरकारी कागदावर प्रथम अशी खोलवर उतरली.

आपलाच तालुका पाहा. उत्तरेस सातपुडा. त्याच्या पायथ्याला, डोंगर कठोऱ्याच्या बाजूला, डोंगरातून येणाऱ्या नद्यानाल्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेल्या गोट्यांचा, रेतीचा आणि मातीचा उतरता थर आहे. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. या पट्ट्यात पाणी इतके जिरते की वाहता नाला वाटेतच गुप्त होतो. खालच्या केळीबागांच्या विहिरींना जे पाणी लागते, त्यातले बरेचसे इथूनच उतरलेले असते. दक्षिणेकडे सरकावे तसे गोटे सरतात आणि तापीच्या गाळाची खोल काळी जमीन लागते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा तिला पडतात, आणि तिच्यात चुना भरपूर असतो. अगदी तापीकाठी आलो की पुन्हा घळी आणि ओघळी. एका दिवसात पायी ओलांडता येईल एवढ्या अंतरात सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंतचे सगळे नमुने भेटतात.

मका या मुलखाचे जुने पीक नव्हे. इथले धान्य ज्वारी-बाजरी. मका असलाच तर परसात, कणसे भाजून खाण्यापुरता. कोंबडीखाद्याला आणि स्टार्चला मागणी आली तसा तो शेतात शिरला. खानदेशात दोंडाईच्याला स्टार्चचा कारखाना आहे, हे आपण जाणताच. पीक मोठे खादाड. आपल्याकडची रूढ शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे. हे नत्र सगळे युरियातूनच द्यावयाचे म्हटले तर ४५ किलोच्या जवळजवळ सहा गोण्या होतात. शेणखतावर एवढे भागवावयाचे दिवस कधीच गेले. डॉ. व्होल्कर नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८९३ च्या अहवालात लिहून ठेवले आहे की, हिंदी शेतकरी शेण जाळतो तो अडाणी म्हणून नव्हे, त्याला सरपण मिळत नाही म्हणून. सरकारी कागदात शहाणपणाची वाक्ये क्वचित सापडतात. हे त्यांपैकी एक.

आता युरियाकडे येऊ. १८२८ मध्ये व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत घडवला. हवेतल्या नत्रापासून अमोनिया करण्याची युक्ती १९०९ मध्ये हाबरने दाखवली आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे बॉशने तिचा कारखाना उभा केला. आपल्याकडे सिंद्रीचा कारखाना १९५१ मध्ये अमोनियम सल्फेट काढू लागला, आणि मुंबईजवळ ट्रॉम्बेचा १९६५ मध्ये सुरू झाला. हरितक्रांतीचे पुढचे आख्यान सर्वांना पाठ आहे, ते आम्ही आळवीत नाही.

पण त्या आख्यानात एक गळकी बाजू आहे. युरियात शंभरात ४६ भाग नत्र असते. शेतात टाकलेल्या त्या नत्रापैकी पिकाच्या पोटात जाते ते साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. उरलेले तीन वाटांनी जाते, आणि कोणती वाट मोठी हे माती ठरवते.

युरिया ओल्या मातीत पडला म्हणजे थोड्याच दिवसांत त्याचा अमोनियम होतो. मातीतले जिवाणू मग त्या अमोनियमचे नायट्रेट करतात. अमोनियमवर धन विद्युत्‌भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण. म्हणून काळी जमीन अमोनियमला धरून ठेवते. नायट्रेटवर ऋण भार असल्याने त्याला कोणी धरीत नाही. पाणी जाईल तिकडे ते जाते. गोटाड, रेताड जमिनीत ते मुळांच्या खाली उतरून विहिरीच्या पाण्यात मिसळते. ही पहिली वाट. भारी जमिनीत पाणी तुंबले, हवा कोंडली, तर काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायुरूप होऊन उडते. ही दुसरी. तिसरी वाट चुनखड जमिनीची. तिथे अमोनियम वर उघड्यावर राहिला की त्याचा अमोनिया होऊन वाऱ्यावर जातो. उन्हात खत टाकलेल्या वावरावरून जाताना नाकाला जो झणका येतो, तो पैशाचाच वास असतो म्हणा ना.

लेपाची कल्पना या गळतीतून निघाली, आणि तिचे दोन मूळ प्रकार ध्यानात ठेवावेत. कारण बाजारात दोहोंना 'कोटेड' हे एकच नाव आहे. पहिल्या प्रकारात दाण्याभोवती खरेखुरे कवच असते आणि युरिया त्यातून हळूहळू झिरपतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात मसल शोल्स येथे टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात गंधकाचे असे कवच तयार केले. प्लॅस्टिकजातीच्या द्रव्यांची कवचेही त्याच दशकात आली. ती महाग, आणि युरिया संपला तरी त्यांचे टरफल मातीत उरते. दुसऱ्या प्रकारात कवच नसतेच. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत राजेंद्र प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास युरियाला निंबोळी पेंडीचा लेप देऊन भातावर प्रयोग केले. निंबाची कडू द्रव्ये अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना काही दिवस सुस्त करतात. युरिया विरघळावयाचा तेव्हा विरघळतोच. पुढची पायरी तेवढी लांबते. आजच्या नियमाप्रमाणे टनभर युरियावर निंबोळी तेलाचा अंश किमान ३५० ग्रॅम असावा लागतो. एवढ्याशा तेलाचे कवच होणे शक्यच नाही. तो नुसता हात फिरवल्यासारखा लेप आहे.

हे एकदा समजले म्हणजे जमिनीनुसार फळ का बदलते ते कोणालाही ताडता येईल. निंबाचा लेप ज्या भातखाचरात तपासला गेला, तिथे पाणी उभे असते आणि नायट्रेट वायू होऊन उडण्याची भीती मोठी असते. आपल्या खोल काळ्या जमिनीत आषाढात झड लागली, मका गुडघाभर आहे आणि सरीत पाणी तुंबले आहे, अशा वेळी तो लेप उपयोगी पडावा. अमोनियम चिकणमातीला चिकटून राहील आणि उघाड मिळताच पिकाला सापडेल. पण तीच जमीन चुन्याची आहे. तिच्यावर लेपाचा युरिया फोकून दिला आणि कोळप्याने मातीआड केला नाही, तर अमोनियम जितका जास्त दिवस अमोनियम राहील तितका त्याला हवेत उडण्यास अवकाश मिळतो. एक दार लावले आणि दुसरे उघडे राहिले, असा प्रकार. चुनखड जमिनीत लेपापेक्षा दोन बोटे मातीचे काम अधिक असते, असे आमचे मत आहे.

पायथ्याच्या गोटाड जमिनीत हिशेब निराळा. तिथे अमोनियमला धरणारी चिकणमाती थोडी. शिवाय जोराचा पाऊस लगेच आला तर युरिया अमोनियम होण्याच्या आधीच पाण्याबरोबर खाली जातो. त्याच्यावर कोणताच भार नसतो, त्यामुळे त्याला माती अडवीत नाही. या वेळी निंबोळी तेल काय करणार? त्याचे काम पुढच्या पायरीवर आहे. इथे खरे कवच हवे, म्हणजे दाण्यातून युरियाच हळू सुटेल. किंवा मग जुनीच युक्ती, खत थोडे थोडे तीनचार वेळा विभागून देणे. गंधकाच्या कवचाचीही अडचण आहेच. ते ओलीवर आणि उबेवर फुटते. पावसाने दीर्घ ताण दिला की ते कोरड्या मातीत तसेच पडून राहते. भारी जमिनीत ओल टिकते, हलकीत टिकत नाही. म्हणजे ज्या जमिनीला कवचाची गरज अधिक, तिथेच ते वेळेवर फुटण्याची खात्री कमी. हा पेच खताच्या पिशवीवर छापलेला नसतो.

आणि मका थांबत नाही. पहिले तीन आठवडे त्याची भूक बेताची असते. गुडघाभर उंचीपासून तुरा आणि केस येईपर्यंतच्या महिन्याभरात तो नत्राचा मोठा घास घेतो. लेपाने नत्र रोखले पाहिजे ते त्या महिन्यापर्यंत, आणि सोडले पाहिजे त्या महिन्यात. खरिपाची माती उबदार असते, जिवाणू लवकर जागे होतात, त्यामुळे निंबाचा अंमल लवकर उतरतो. रब्बीचा मका थंडीत वाढतो. तिथे नायट्रेट मुळातच सावकाश होते, लेपाने मिळवावयाचे ते निसर्गानेच थोडेबहुत मिळवून दिलेले असते. एकच गोणी, एकच शेतकरी, पण वावर बदलले की फळ बदलते आणि हंगाम बदलला तरी बदलते.

आता राज्यकर्त्यांनी काय केले ते पाहू. निंबोळी लेपाच्या युरियाला खत नियंत्रण आदेशात २००४ मध्ये स्थान मिळाले. २००८ मध्ये कारखान्यांना तो थोड्या जादा किमतीने, पण उत्पादनाच्या ठरावीक भागापुरताच, विकण्याची मुभा मिळाली. २०१५ च्या जानेवारीत किमान ७५ टक्के युरियाला लेप देणे सक्तीचे झाले आणि मे महिन्यात सगळ्याच युरियाला. चार महिन्यांत एवढी घाई झाली त्याचे एक कारण शेताबाहेरचे होते. अनुदानाचा स्वस्त युरिया प्लायवूडच्या डिंकाकडे आणि इतर कारखान्यांकडे पळत होता. तेलाचा हात लागलेला युरिया तिथे चालेनासा व्हावा, हा उद्देश सरकारने उघड सांगितला होता. चोरी थांबवणे वाईट नव्हे. लेपाला पोलिसाचे काम दिले, हेही आम्हांस खटकत नाही. खटकते ते असे की, सक्ती करताना काळी, गोटाड, चुनखड असा भेद कोणी केला नाही. बंगळूरच्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेने अनेक राज्यांतील शेतकऱ्यांची पाहणी करून २०१७ मध्ये अहवाल दिला, त्यात मक्याचे उत्पन्न ७.१४ टक्के वाढल्याचा आकडा आहे. आकडा दशांशापर्यंत आहे. पण ती वाढ पावणेदोन हात काळीतली की वीतभर मुरमावरची, हे या एका आकड्यावरून कळावयाचे नाही, आणि शेतकऱ्याला हवे असते ते नेमके तेच.

त्याच २०१५ च्या फेब्रुवारीत मृदा आरोग्य पत्रिकेची योजना निघाली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. ती उपयुक्त आहे. तिच्यात नमुना बागायतीत अडीच हेक्टरांना एक आणि जिरायतीत दहा हेक्टरांना एक, असा चौकटीने घ्यावयाचा ठरला. म्हणजे तुमच्या पत्रिकेवरची माती शेजाऱ्याच्या शेतातलीही असू शकते. साऱ्यासाठी शेताचे भाग पाडून खणणारे सरकार आणि खतासाठी चौकट टाकणारे सरकार, यांत कोणाला माती अधिक जवळून दिसली?

२०१८ च्या मार्चपासून गोणी ५० ऐवजी ४५ किलोची झाली. मग २०२३ मध्ये गंधकाचा युरिया 'युरिया गोल्ड' या नावाने आला. त्याची गोणी ४० किलोची. तीत ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक. किंमत पुढे ठरली ती ४५ किलोच्या निंबोळी युरियाइतकीच, २६६ रुपये ५० पैसे. श्रोत्यांनी घरी जाऊन गुणाकार करून पाहावा. जुन्या गोणीत नत्र २० किलो ७०० ग्रॅम. नव्या गोणीत १४ किलो ८०० ग्रॅम आणि गंधक ६ किलो ८०० ग्रॅम. नत्राचा किलो पावणेतेरा रुपयांच्या पुढून अठरा रुपयांवर गेला. जमिनीत गंधकाची उणीव असेल, किंवा कवचामुळे नत्राची गळती खरोखरच तेवढी थांबत असेल, तर सौदा बरा. उणीव नसेल आणि जमीन मुळातच धरून ठेवणारी असेल, तर तो कवचासाठी मोजलेला पैसा आहे. उत्तर पुन्हा मातीपाशीच येते.

या कवचाची एक कमजोरी शास्त्राच्या पुस्तकांत एका ओळीत असते, ती आमच्या माणसांनी पाठीवर वाहिली आहे. गंधकाचा लेप ठिसूळ असतो. गोणी उंचावरून आपटली, दाण्यावर दाणा घासला, की तो तडकतो, आणि तडकलेला दाणा साध्या युरियासारखाच एकदम विरघळतो. गोणीवर 'हूक लावू नये' असे छापलेले असते. वाघिणी ठरल्या वेळेत रिकामी झाली नाही तर दंड, आणि मजुरी गोणीमागे; अशा कामात गोणी अलगद ठेवावयास वेळ कोणी दिला आहे? १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला मंडळ दिले, हजेरी दिली, भविष्यनिर्वाह निधी दिला. गोणी हळू उतरवण्याचा दर मात्र अजून कोठे ठरलेला आम्ही पाहिला नाही. प्रयोगशाळेतून निघालेले कवच आणि शेतात पोहोचलेले कवच यांत मालधक्का आहे, हे कवच मोजणाऱ्यांनी विसरू नये.

दुसरी गोष्ट आमच्या बायाबापड्यांची. मक्याला खत तीन वेळा द्यावयाचे ते मजुरीवर जाणाऱ्या बायकाच देतात. कवच चांगले निघाले तर तीनाचे एक वेळ होईल आणि मालकाची दोन दिवसांची मजुरी वाचेल. ती वाचलेली मजुरी कोणाच्या तरी चुलीवरची असते. म्हणून आम्ही लेपाला विरोध करणार नाही. नदीत आणि विहिरीत जाणारे नत्र थांबले पाहिजे, आणि ते पाणी पिणारी माणसेही आमचीच आहेत. पण याच लेपाने निंबोळी वेचण्याचे काम निर्माण केले आहे. गुजरातेत नर्मदा खोरे खत कंपनीने २०१५ पासून खेड्यांतील स्त्रियांकडून निंबोळ्या गोळा करवून त्यांना त्याचे पैसे दिले. आपल्याकडे बांधाबांधावर निंब उभा आहे. वेचणीचा दर ठरवून घेण्याचे काम संघटनेचे आहे, आणि ते आम्ही आमच्याकडे घेतो.

राहता राहिली माती पाहण्याची गोष्ट. जुन्या मोजणीत प्रत ठरवताना जी नोंद केली, तिला प्रतिबुक म्हणतात, आणि भूमी अभिलेख खात्याच्या दप्तरांत अशी पुस्तके असतात. शेताच्या भागाभागाची खोली, रंग, चुनखड, निचरा, सारे त्यात आण्यांच्या हिशेबाने मांडलेले असते. दीडशेहून अधिक वर्षांत धूप झाली, गाळ साठला, बांध सरकले. तेव्हा नोंद जशीच्या तशी धरता येणार नाही. तरी ज्या वावरात तेव्हा चुनखड लिहिली, तिथे ती आजही नांगराला लागते. आपल्या गटाचा जुना सर्व्हे नंबर शोधून त्याची नक्कल काढावी, पत्रिकेवरच्या आकड्यांशेजारी ती ठेवावी, आणि खरिपापूर्वी फावड्याने हातभर खणून दोन्ही पडताळावीत. रेताड निघाले तर खत विभागून द्यावे. चुनखड निघाली तर मातीआड करावे. खोल काळी निघाली आणि पाणी तुंबत असेल तर आधी चर काढावा. पुढच्या रविवारी सकाळी आमच्या कचेरीत नकलेचा अर्ज कसा लिहावा ते दाखवण्याची सोय केली आहे. येताना सातबारा आणावा.